चौदा दिवसांचा आराम

"नमुन्यांची अदलाबदल झाली असणार," असं पुटपुटत त्याने आईचं रक्त तिसऱ्यांदा यंत्रात लावलं. आकडा तोच आला. जेवणानंतरची साखर, एकशे अठ्ठ्याण्णव.

बावीस वर्षं तो या लॅबमध्ये रक्त तपासत होता. लोकांचे आकडे बघून त्याच्या कपाळावर कधी आठी पडली नव्हती. आज मात्र तोंडचं पाणी पळालं. तीनच आठवड्यांपूर्वी नवं यंत्र आलं, तेव्हा त्याने कौतुकाने आईचंच रक्त लावून पाहिलं होतं. एकशे अठ्ठावीस, तेही अडुसष्टाव्या वर्षी. "म्हातारीचं बघा आणि तुमचं बघा," म्हणून त्याने सगळ्या लॅबला चिडवलंही होतं. आज रक्त त्यानेच काढलं होतं, नळीवर नावही त्यानेच लिहिलं होतं. चुकायला दुसरं कोणी नव्हतंच.

आई एका सहा मजली इमारतीचे जिने झाडून पुसायची, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. तिथे सगळे तिला जिनेवाल्या मावशी म्हणत, आणि ते कानावर आलं की याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "सोड आता ते," हे त्याचं पालुपद, आणि आई काही दाद द्यायची नाही. मग तिच्या पायावर बादली पडली, अंगठा सुजला आणि याला आयतीच संधी मिळाली. हाड शाबूत होतं, सूज दोन दिवसांत उतरली, तरी त्याने फर्मान काढलं, चौदा दिवस आराम. सोफ्यावर उशा रचल्या. बायकोला बजावलं, "तिला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही."

"अरे, मी काय फुलदाणी आहे?" आई म्हणाली होती. पण पोरगा एवढ्या मायेने सांगतोय म्हटल्यावर चौदाही दिवस बसली बिचारी.

संध्याकाळी तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"खाण्यात काही बदल?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"नवीन गोळ्या? ताप?"

"नाही."

"चालणं?"

"अजिबात चालू दिलं नाही," त्याने अभिमानाने सांगितलं. "बाथरूमपुरतं तेवढं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "जेवणातली बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात, त्यातही पायांचे. तेच तुम्ही बसवून ठेवलेत. या वयात एवढंही पुरतं."

"चौदा दिवस?"

"चौदा दिवस."

"पण चालायला लागली की होईल ना पहिल्यासारखं?"

"बरंचसं व्हावं. पण तरुणांसारखं झटकन नाही, आणि सगळंच भरून येईल असं आज मी सांगू शकत नाही. हळूहळू चालवा. महिन्याने परत बघू."

रस्त्यात त्याला रडूच आलं. शत्रूनेही केलं नसतं ते आपण उशा लावून केलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

घरी त्याने आईला सगळं सांगितलं.

"एवढंच ना? मग उद्यापासून जाते कामावर," असं म्हणून ती उठायला गेली आणि परत सोफ्यात बसली. दुसऱ्यांदा दोन्ही हात टेकून उठली. स्वतःच्या गुडघ्यांकडे ती बघतच राहिली.

आता सांगणं भाग होतं. "आई, तिथे दुसरी बाई ठेवलीय. मीच फोन करून कळवलं, तू येणार नाहीस म्हणून. तिसऱ्याच दिवशी."

"मला न विचारता?"

आईने चपला घातल्या आणि दार उघडून ती त्यांच्याच इमारतीचा जिना चढायला लागली. तो मागे निघाला, तर तिने हातानेच थांबवलं.

पहिल्या वळणावर तिला धाप लागली. तेवढ्यात वरून शेजारी उतरताना दिसले. आईने कमरेचा रुमाल काढला आणि ती कठडा पुसायला लागली.

"काय मावशी, आमचाही जिना घेतलात का?" शेजाऱ्यांनी विचारलं.

ती पुसत राहिली. श्वास जरा जागेवर आल्यावर म्हणाली, "हो. आजपासूनच."

शेजारी हसत खाली गेले. मुलगा खालच्या पायरीवर उभा होता. आई अजून तेवढाच हातभर कठडा पुसत होती.