एकेचाळीस आणि बेचाळीस

आईचं दहन झाल्यावर, जपानी रिवाजाप्रमाणे, तेत्सुरोने आणि त्याच्या धाकट्या बहिणीने, मिनाएने, आपापल्या चॉपस्टिक्स तिच्या एकाच हाडाला लावल्या आणि ते जपून उचललं. कलशापर्यंत पोहोचायच्या आतच त्याचा भुगा झाला.

"असू दे, पुढचं घ्या," दहनगृहाचा माणूस अदबीने म्हणाला. "पायांपासून सुरुवात करायची, म्हणजे आई कलशात नीट उभ्या राहतील. हाडं छान आहेत हं त्यांची."

हे तो सगळ्यांनाच म्हणत असे.

"छान?" मिनाए म्हणाली. "गादी गुंडाळताना खुबा मोडला तिचा. पडलीसुद्धा नव्हती. तीन महिने अंथरुणात कुजली."

तेत्सुरो राखेत पुढचा तुकडा शोधू लागला. विद्यापीठात तो हाडं ठिसूळ होण्याच्या याच दुखण्यावर संशोधन करी. रक्तात आरएनएचे काही बारीक तुकडे फिरतात. त्यांच्यापासून शरीर काहीच घडवत नाही, पण हाड बांधणाऱ्या पेशींना ते गप्प बसवतात. ते वाढले की हाड किती वर्षांत मोडतं, हे पाहायला त्याने चार वर्षांपूर्वी दोनशे बायकांचं रक्त घेतलं. बाईला आकडा कळला तर ती औषध घेणार, मग पाहायचं काय? म्हणून पाच वर्षं कुणाला अवाक्षर सांगायचं नाही, असा नियम त्याने स्वतः लिहिला. संख्या भरेना, तेव्हा आईला आणि मिनाएलाही रक्त द्यायला नेऊन बसवलं.

एकेचाळीस नंबरची बाटली आईची. तिचा आकडा त्याने चोरून पाहिला होता; तो फार वाढलेला होता. त्यानंतरही दर नववर्षाला तो तिच्याकडे जाऊन तांदळाची मोची खाऊन आला, आणि निर्लज्जासारखा गप्प बसला.

"दादा, आई म्हणायची, काही असलं तर तेत्सुरो सांगेलच. तुला कळलं होतं का रे?"

"आकडे अजून उघडलेच नाहीत."

शेवटी गळ्याचं हाड ठेवून झालं. ते तेवढं अख्खं निघालं. माणसाने झाकण लावलं, कलश पांढऱ्या कापडात बांधला आणि बुटक्या चौरंगावर ठेवला.

"माझी बाटली बेचाळीस नंबरची," मिनाए डोळे पुसत म्हणाली. "माझं ठीक असेल ना?"

"पुढच्या वर्षी कळेल."

ती कलश उचलायला वाकली.

"थांब!" तेत्सुरोने झटकन तिचा दंड धरला. "तू वाकू नकोस. मी घेतो."

मिनाए तशीच, अर्धी वाकलेली, त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.