वाकडा सात

त्या कारखान्यात दाराच्या उजव्या हाताला एक काळा फळा होता आणि सगळ्यांचा जीव त्या फळ्यात अडकलेला होता. कारखाना आपला म्हणायला. पत्र्याच्या शेडमध्ये धातू फिरवून कापायचे तीन लेथ, एक ड्रिल, एक कपाट आणि एक डुगडुगणारी खुर्ची, जिच्यावर फक्त पाहुण्यांना बसवलं जाई. तिथे पाण्याच्या पंपात बसणारे पितळी बुश तयार व्हायचे. बुश म्हणजे बोटभर उंचीचं जाड कडं, पंपाचा दांडा त्याच्या भोकात फिरतो. भोक केसभर जरी चुकलं तरी पंप कुरकुरायला लागतो. म्हणून प्रत्येक कामगाराला नंबर होता आणि त्या नंबराचा पोलादी पंच होता. बुश झाला की त्यावर पंच टेकवायचा आणि हातोडीचा एक ठोका द्यायचा. संध्याकाळी सहाला ज्याच्या त्याच्या ट्रेमधले बुश मोजून आकडा फळ्यावर चढायचा.

कारखान्याची मालकीण ताई. वडील गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि मशिनं विकून मोकळी हो, असा सल्ला तमाम नातेवाइकांनी एकमताने दिला होता. एकमताने दिलेले सल्ले ताईला लहानपणापासून मानवत नसत. वडिलांच्या हाताखालचे टर्नरकाका तेवढे तिच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे कौतुक वगैरे काही केलं नाही त्यांनी. "ॲप्रन घाल," एवढंच म्हणाले.

पहिल्या दिवशी तिने दहा बुश केले, त्यातले सहा बाद. तिने फळ्यावर दहा लिहिलं. काकांनी बाहीने ते पुसलं आणि तळहाताएवढ्या अक्षरात 'चार' लिहिलं.

"काका, लोक हसतील."

"हसू देत. चार खरे आहेत."

त्याच वर्षी पंपवाले साहेब आले होते. पोरीच्या हाती काम कोण देणार, असं बाजारात सगळे म्हणत असताना या माणसाने पहिली ऑर्डर दिली, आणि पुढची बावीस वर्षं देत राहिला. या दोघांचे उपकार ताई उठता-बसता बोलून दाखवायची. तिचा नवरा, जो पॅकिंग आणि मोजणी सांभाळायचा, तो म्हणायचा की या घरात आपला क्रमांक तिसरा आहे आणि तोही कृपेने.

आता टर्नरकाकांना सत्तरावं लागलं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. सकाळी दवाखान्यात हाताचे व्यायाम करून ते दहाला यायचे आणि चारला घरी जायचे. लेथचं हँडल धरलं की हात शहाण्यासारखा वागायचा, मोकळा सोडला की थरथरायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "ज्या दिवशी सात नंबरचे तीस होणार नाहीत, त्या दिवशी माझा ॲप्रन खुंटीला. मला कोणाच्या दयेवर उभं राहायचं नाही."

सात नंबर म्हणजे काकांचा. आणि काका एकदा बोलले की बोलले.

त्यानंतर एके दिवशी चार वाजता ताईने त्यांच्या ट्रेमध्ये हळूच डोकावून पाहिलं. एकोणीस होते. तिने इकडेतिकडे बघितलं, आपल्या लेथवर घाईघाईने अकरा बुश केले, काकांच्या टेबलावरचा सातचा पंच उचलून त्यावर ठोकला आणि त्यांच्या ट्रेमध्ये सारले. संध्याकाळी फळ्यावर चढले तीस. पुढचा आठवडाभर हाच उद्योग. मग सातचा आकडा हळूहळू वर सरकला. तेहतीस, अडतीस, एक दिवस तर सत्तेचाळीस. मधल्या लेथवरचा, ज्याला सगळे रेडिओ म्हणायचे कारण त्याचं तोंड बंद होत नसे, तो तरणाताठा गडी एक्केचाळीसच्या वर कधी गेला नव्हता.

आकडा एवढा वाढल्यावर तिने थांबायला हवं होतं, हे कोणीही सांगेल. तिला वाटलं, व्यायामाचा गुण आला. पण उद्या हात पुन्हा बिघडला तर? या धास्तीने ती रोज सहा-सात टाकतच राहिली. काका सकाळी आले की एकच कुरकुर करायचे, "माझा पंच कोण हलवतं? मी ठेवतो एकीकडे, सापडतो भलतीकडे." तेव्हा ड्रिल सांभाळणारी ताईची वहिनी त्यावर तेल सोडायला लागायची, रेडिओ चक्क गप्प व्हायचा आणि ताईचा नवरा खोक्यांना दोऱ्या बांधायला घ्यायचा. आपल्याच मनात चोर असल्याने ताईला यात काही वावगं दिसलं नाही.

मग एका मंगळवारी अकरा वाजता पंपवाले साहेब स्वतः आले. मागे ड्रायव्हरच्या हातात खोकं. साहेब डुगडुगत्या खुर्चीवर न बसता उभेच राहिले, तेव्हाच ताईने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"सव्वीस बुश परत आणलेत," साहेब म्हणाले. त्यांनी गेज काढला. गेज म्हणजे दोन टोकांची पोलादी कांडी. एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. जायला हवं ते टोक जाईना. दुसरा बुश, तोही तसाच. "भोकं लहान पडलीत. सगळ्या सव्वीसांवर सात नंबर आहे. बाकीच्या नंबरांचा एकही नाही."

शेडच्या पलीकडच्या टोकाला काका पाठमोरे, लेथवर वाकलेले.

साहेबांची नजर फळ्याकडे गेली. आदल्या दिवशीचा सात नंबर: पुन्हा सत्तेचाळीस. "सत्तर वर्षांचा माणूस सत्तेचाळीस काढतो आणि तुम्ही फळ्यावर मिरवता? तो घाई करतोय ताई, आणि निस्तरतोय मी. माझे पंप परत यायला लागलेत. बावीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज मागतो. सात नंबर माझ्या कामावर नको."

आणि साहेबांच्या कामाशिवाय त्या शेडमध्ये दुसरं काम नव्हतं. म्हणजे काकांनी घरी बसायचं.

ताई खरं तर साहेबांसमोर कधी आवाज चढवत नसे. आजही चढवला नाही.

"साहेब, तुम्ही पहिली ऑर्डर दिलीत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुमचे उपकार फेडायला मी काकांना देणार नाही. दुसरं काय हवं ते मागा."

"मग पुढचा लॉट दुसरीकडे जाईल."

"जाऊ द्या. सात नंबर इथेच राहील."

नवऱ्याच्या हातातली दोरी गळून पडली. ताईचं तोंड आता थांबायला तयार नव्हतं.

"आणि काढायचंच असेल तर मला काढा. हे बुश काकांनी केलेले नाहीत. मी केलेत. रोज सहा-सात करून त्यांचा पंच ठोकत होते, त्यांचे तीस भरावेत म्हणून."

"सहा-सात?" साहेब म्हणाले. "मग ते एकटे चाळीस करतात?"

उत्तर ड्रिलकडून आलं.

"त्यातले पाच-सहा माझे असतील," वहिनी म्हणाली. ती ताईच्या भावाची बायको. बारीक आवाजाची, आणि लेथ तिला काकांनीच शिकवलेला. "ताई बँकेत वगैरे गेल्या की त्यांच्या लेथवर करायचे. मला वाटलं, मी एकटीच करतेय."

रेडिओने घसा खाकरला. "माझे दहा-अकरा. जेवणाच्या सुट्टीत." आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढं थोडं बोलला असेल.

सगळ्यांनी ताईच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा साधा पॅकिंगवाला, लेथला हात लावायची त्याला बंदी होती.

"माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला. मग मान खाली घालून, "दिवसाला चार. सगळे गेल्यावर करायचो, दुसऱ्या दिवशी मोजताना सारायचो. तीन नासायचे तेव्हा एक व्हायचा."

साहेबांना हसावं की रडावं कळेना. ते शेवटी डुगडुगत्या खुर्चीवर बसले.

तेवढ्यात पलीकडचा लेथ थांबला.

काका हात पुसत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आयुष्यभर लेथच्या आवाजात राहिलेल्या माणसाला त्या आवाजाच्या वरचं सगळं ऐकू येतं. त्यांनी खोक्यातून एक बुश उचलला. भोकाकडे पाहिलंच नाही, नंबराकडे पाहिलं.

"माझा नाही."

दुसरा उचलला. "माझा नाही." असे एकामागून एक सव्वीस त्यांनी जमिनीवर टाकले. प्रत्येक खणकन वाजला आणि प्रत्येक वेळी ताईची मान एकेक इंच खाली गेली.

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

काका आपल्या टेबलाकडे गेले, सकाळपासून केलेले पाच बुश घेऊन आले आणि साहेबांच्या पुढ्यात मांडले. पाचही बुशांवरचा सात तिरका होता. एक तर पडता-पडता सावरल्यासारखा. एकावर ठोका दोनदा बसून सातला सावली आली होती.

"तीन महिने झाले, माझा सात सरळ उठत नाही. हातोडी उचलली की हात हलतो." त्यांनी हात पुढे करून दाखवला. तो लपवायचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही. "हे सगळे सात बघा, शाळेतल्या मास्तरांनी काढल्यासारखे. लावा गेज माझ्या बुशांना."

साहेबांनी गेज लावला. पाचही बुशांत जायचं ते टोक सरळ आत गेलं आणि अडायचं ते अडलं. साहेबांनी मग नवऱ्याला गेल्या लॉटचं शिल्लक खोकं उघडायला लावलं आणि त्यातले तिरके सात वेचून तपासले. त्यांतही एक बाद नाही.

ताईला वाटलं, आता काका विरघळतील. काका विरघळणाऱ्यांतले नव्हते. ते चौघांकडे वळले आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"गरम मोजलेत ना? लेथवरून उतरला, लगेच गेज लावला, लगेच ठोकला. गरम असताना भोक फुगलेलं असतं, तेव्हा गेज जातोच. गार झालं की आवळतं. पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं मी?"

"गरम जॉबवर विश्वास ठेवायचा नाही," वहिनी पुटपुटली.

"स्वतःच्या नंबराच्या कामाला गार व्हायला अर्धा तास देता. आणि माझ्या नंबराला घाई? चोरून करायचं म्हणून? तुमची माया अशी, की सगळा कचरा माझ्या नावावर?"

काकांचा आवाज मग जरा खाली आला.

"आणि मीही काही कमी नाही. मला माझे एकोणीस ठाऊक होते. फळ्यावर अडतीस बघितले तेव्हा म्हटलं, मोजणारा चुकतोय. मग म्हटलं, चुकू दे. सत्तेचाळीस वाचून तर घरी जाऊन बायकोला सांगितलं मी. त्याची आता लाज वाटते."

ते साहेबांकडे वळले. "भोक लहान आहे म्हणून वाचलात. मोठं झालं असतं तर भंगार. ज्याचे त्याने पुन्हा काढायचे, माझा सात खोडायचा आणि शेजारी आपला नंबर ठोकायचा. उद्या संध्याकाळी सव्वीस मिळतील."

साहेब उठले. त्यांनी एक तिरका सात खिशात टाकला. "पुढचा लॉट इथेच," ते ताईला म्हणाले. "सात नंबर कामावर हवा. फक्त वाकडा हवा." मग दारातून मागे वळून, "आणि मला दुसरीकडे जा म्हणणारं या बावीस वर्षांत तुमच्याशिवाय कोणी भेटलं नाही. तेही बरं झालं."

चार वाजता काकांनी शेवटचा बुश गार केला, गेज लावला, पंच टेकवला आणि थरथरत्या हाताने ठोका दिला. ट्रेमध्ये एकोणीस झाले. त्यांनी ते दोनदा मोजले. मग ॲप्रनची गाठ सोडली आणि घडी घालून खुंटीकडे निघाले.

ताई आडवी आली.

"तीसच्या खाली आलो की ॲप्रन खुंटीला, असं मीच म्हणालो होतो," काका म्हणाले. "बाजूला हो पोरी."

"नाही होणार."

"मी शब्द दिलाय."

"तुम्ही मलाही एक शिकवण दिलीय. शब्द पाळायचा असेल तर आधी ती मोडा."

ती फळ्यापाशी गेली. सहा वाजायला अजून दोन तास होते, पण तिने सातपुढचे कालचे सत्तेचाळीस बाहीने पुसले. खडू घेतला आणि तळहाताएवढ्या अक्षरात 'एकोणीस' लिहिलं, इतकं मोठं की बाकीच्यांच्या नंबरांना जागा उरली नाही.

"लोक हसतील," काका म्हणाले.

"हसू देत. एकोणीस खरे आहेत."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला, रेडिओ सगळ्यांकडे पाठ करून लेथ पुसत होता. शेवटी काकांनी घडी घातलेला ॲप्रन खुंटीला न लावता आपल्या लेथच्या हँडलवर ठेवला, रोज ठेवायचे तसा, आणि जेवणाचा डबा उचलून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दहाला आले तर पंच जिथे ठेवला होता तिथेच होता. काकांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"आज कोणी हलवला नाही वाटतं," ते म्हणाले, आणि ताईला अगदी खात्रीने वाटलं की ते जरासे हिरमुसलेच.