सूर्याकडे फेकायचा दात

मब्रूका गेली तेव्हा तिच्या लेकाचा, हेदीचा, पहिला दात हलत होता. आमच्या वाळवंटातल्या दूझ गावाकडे पडलेला दात सूर्याकडे फेकून नवा मागतात. "मी येईपर्यंत पाडू नकोस हं, आपण दोघं मिळून फेकू," असं सांगून बाई यानात बसली. सहा महिन्यांची तर फेरी! पण यान कृष्णविवराच्या फार जवळ ओढलं गेलं, आणि तिथे काळ मुंगीच्या पावलानं चालतो. सुटून बाहेर येईपर्यंत तिचे अकरा दिवस गेले, इथली साठ वर्षं. मेल्या त्या विवराला जाब कोण विचारणार?

यानतळावर उतरल्यावर तिला सगळं समजावलं होतं. तिनं मान डोलावलीही होती. तरी घराच्या दारात खजुराच्या सावलीला बसलेला म्हातारा दिसला, थेट तिच्या बापाचा चेहरा, आणि वडीलधाऱ्यांपुढे वाकायच्या सवयीनं ती वाकली न् तिनं त्याचा हात चुंबला.

"अगं उम्मी, अगं आई, उलटं झालं!" म्हातारा हेदी हसता हसता रडायला लागला. "हात मी चुंबायचा!"

तिनं त्याला कवेत घेतलं. नुसती हाडं हाताला लागली. तिचा अजून एक केस पिकला नव्हता.

"तुझा तो दात रे?" रडं ओसरल्यावर तिनं विचारलं.

"एकट्यानंच फेकला. बाकीची पोरं नवा दात मागायची. मी म्हणायचो, दात नको, माझी उम्मी दे. दर दाताला तेच. दात आले सगळे. तू नाही आलीस."

त्यानं तोंड उघडलं. एकच दात उरला होता, तोही हलत होता. "हा तुझ्यासाठी सांभाळलाय. बघतेस काय, ओढ!"

बोट लावताच दात हातात आला.

"फेक आता."

मब्रूकाची मूठ उघडेना. याला मातीही आता आपल्याच हातानं द्यायची आहे, हे तिला तेव्हा कळलं. ती तशीच उभी राहिली आणि सूर्य खजुरांमागे उतरला.

"गेला की गं सूर्य!" हेदी लहान पोरासारखा कुरकुरला.

"उद्या फेकू रे राजा."

"तुझा उद्या मला चांगला ठाऊक आहे, उम्मी."

तिनं दात लाल आभाळाकडे भिरकावला. मग तिथेच अंगणात बसून ती मोठ्यानं रडली, आणि तिचा म्हातारा लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.