पाण्यात लिहिलेलं शहर

त्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तर चालायचं, पण जेवताना खेळ चुकलेला चालत नसे. खेळ सासऱ्यांचा. त्यांची सगळी हयात नकाशे काढण्यात गेलेली. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी मान वाकवून, बारीक निबानं त्यांनी शहरांची नावं लिहिली. निवृत्त झाले, पण शहरं डोक्यातून उतरली नाहीत. पहिला घास पोटात गेला की दोन शहरं नाहीतर दोन राज्यं समोर टाकायचे आणि विचारायचे, "माणसं कुठं जास्त?" नाव घ्यायचं नाही, नुसती खूण सांगायची, हा नियम. फोन हातात धरायचा नाही, हा दुसरा. आणि जो हरेल त्यानं ताटं उचलायची.

सून या घरात आली तेव्हा सुरुवातीचे कितीतरी दिवस ताटं तिनंच उचलली. "वाळवंटाचं राज्य की किनाऱ्याची पट्टी?" असं विचारलं की ती नकाशा डोळ्यांपुढं आणायची आणि ऐसपैस पसरलेल्या वाळवंटाकडं बोट दाखवायची. सासरे गालातल्या गालात हसायचे. "अगं, वाळूचे कणही मोजतेस की काय माणसांत?"

"संख्याशास्त्राची पदवी शेवटी ताटं उचलायच्या कामी आली," नवरा म्हणायचा.

पण ती शिकली. राज्याचा पसारा म्हणजे वस्ती नव्हे, हे एकदा डोक्यात बसल्यावर राज्यांच्या बाबतीत तिला हरवणं अवघड झालं. शहरांचं मात्र तसं नव्हतं. शहर म्हटलं की ज्याचं नाव जास्त कानावरून गेलेलं, तेच मोठं वाटतं. तिलाही तसंच वाटायचं.

त्या शनिवारी प्रश्न सासऱ्यांनी नाही, नवऱ्यानं टाकला.

"किल्ल्याचं शहर की खाडीपलीकडचं? माणसं कुठं जास्त?"

"किल्ल्याचं," सासरे आणि सासूबाई एका दमात म्हणाले.

"मलाही तसंच वाटतं," नवरा म्हणाला आणि मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत देखरेखीचं काम करायचा. बढती मिळत होती, पण बदलीसकट. मुख्य कचेरीनं दोन शहरं समोर ठेवली होती, त्यातलं एक निवडून सोमवारी सकाळी साहेबांना कळवायचं होतं.

सुनेचा घास हातातच राहिला. तिच्या मांडीवर तिची लेक भिंगरी बसली होती, वर्षाचीही नाही, आणि चमचा तोंडात घालून सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होती. दीड महिन्यापूर्वी तापात तिला आकडी आली होती. ओठ निळसर पडले, डोळे फिरले, आणि टॅक्सीत बसेपर्यंत ती पुन्हा गुलाबी होऊन झोपलीसुद्धा होती. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना असं होतं, बहुतेक वेळा वयाबरोबर थांबतं. पण आकडी लांबली किंवा पुन्हा आली तर थांबून राहू नका, दवाखाना गाठा. डॉक्टर विसरले असतील. आईच्या डोक्यात ते वाक्य खिळा ठोकल्यासारखं बसलं होतं. नवीन घर कुठंही असो, मोठं नसलं तरी चालेल, पण दवाखाना गाठता आला पाहिजे. आणि दवाखाने माणसांच्या मागं येतात. म्हणून या वेळी खेळात ताटं पणाला लागली नव्हती.

"कशावरून किल्ल्याचं?" तिनं विचारलं.

"कशावरून म्हणजे? तिथं आमच्या कंपनीच्या लिफ्ट बघ. खाडीपलीकडं त्याच्या पावपट नाहीत," नवरा म्हणाला. "जितक्या लिफ्ट, तितकी माणसं."

सासूबाईंनी टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करत आयुष्य काढलं होतं. त्या म्हणाल्या, "मला लिफ्टचं कळत नाही. पण किल्ल्याहून आलेली थैली उचलायची म्हणजे कंबर धरायची. खाडीपलीकडची एका हातात यायची."

"आणि मी," सासरे म्हणाले, "किल्ल्याला दुहेरी वर्तुळ काढलंय आणि नाव ठळक लिहिलंय. या हातानं. झालं समाधान?"

तीन धंदे, तीन साक्षी, आणि तिन्ही एकाच बाजूला. नवऱ्यानं जेवण झाल्यावर फोनवरही शोधलं. तीन ठिकाणी तीन आकडे निघाले. कुणी किल्ल्यात आजूबाजूची झाडून सगळी गावं धरली होती, कुणी खाडीपलीकडचं शहर शेजारच्या राजधानीतच जमा करून टाकलं होतं. "म्हणजे आपला अंदाजच खरा," म्हणत त्यानं फोन ठेवला. "शिवाय किल्ल्याला कंपनीचं घर आहे. पुढं अंगण. भिंगरी रांगेल की."

"रांगायला तिला अंगण लागत नाही," सून म्हणाली. "ती कपाटाखालीही रांगते."

दुपारी सासरे लवंडले, सासूबाई बटणं लावत बसल्या. सुनेनं सासऱ्यांचा मोठा नकाशा काढून जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या. भिंगरी लगेच डोंगर ओलांडून समुद्राकडं निघाली. तिच्या मागोमाग तिची आईही गुडघ्यांवर. मूल नकाशावर लाळ गाळणार म्हणून ती प्रत्येक शहर हातानं झाकत चालली होती, आणि त्या झाकाझाकीतच तिला ते दिसलं.

किल्ल्याचं नाव हात पुरता पसरला तरी झाकलं जात नव्हतं. अक्षरं एकमेकांपासून लांब लांब, सुट्टीवर निघाल्यासारखी ऐटीत उभी. आजूबाजूला सगळं कोरं. आणि खाडीपलीकडचं? ते सापडेचना. राजधानीच्या शेजारी नुसती ठिपक्यांची गर्दी. शेवटी नाव मिळालं ते समुद्रात. मुंगीएवढी अक्षरं, आणि तिथून किनाऱ्यावरच्या ठिपक्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढलेली.

"बाबा," तिनं हाक मारली, "जागे आहात का?"

"आता झालो."

"हे नाव पाण्यात का लिहिलंय?"

सासरे उठून आले, चष्मा पुसला, वाकले. "जमिनीवर जागा कुठं होती? तिथं गावं एकमेकांच्या मांडीवर बसलीत. नाव लिहायला टाचणीएवढी जागा नाही. मग समुद्रात लिहायचं आणि रेघ ओढायची. तशीच पद्धत आहे."

"आणि किल्ल्याचं इतकं ऐसपैस?"

"तिथं मोकळं होतं ना सगळं. नकाशात मोकळी जागा राहिली की गिऱ्हाईक म्हणतं, काम अर्धवट ठेवलंत. म्हणून अक्षरं जरा सैल सोडायची."

"दुहेरी वर्तुळ?"

"ते मानाचं. एकेकाळची राजधानी आहे ती. वर्तुळाचा आणि डोक्यांचा..." सासरे बोलता बोलता थांबले. भिंगरीनं त्यांच्या पायाचा अंगठा पकडला होता, पण थांबले ते त्यामुळं नाही. "डोक्यांचा संबंध नाही," त्यांनी सावकाश वाक्य पुरं केलं.

बटणं लावता लावता सासूबाई म्हणाल्या, "थैलीत चित्रांची कार्डं असायची बहुतेक. किल्ला पुढं, मागं 'आम्ही मजेत आहोत'. लिहिणारे सगळे फिरायला आलेले."

"हो का," सून म्हणाली. लिफ्टांचं तिनं नवऱ्यावर सोडलं. त्याला स्वतःलाच सुचेल अशी तिची खात्री होती.

पण एवढ्यानं किल्ला लहान ठरत होता, खाडीपलीकडचं मोठं ठरत नव्हतं. तो फरक तिला कळत होता. शिवाय तिला गर्दी नकोच होती, हवा होता तो डॉक्टर. मग दोन्ही गोष्टी एकदमच का विचारू नयेत? संध्याकाळी, दवाखाने उघडायच्या वेळी, ती भिंगरीला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहिली आणि फोन लावू लागली.

किल्ल्याच्या शहरात लहान मुलांचा एक दवाखाना मिळाला. फोन उचलणारा माणूस अगदी निवांत होता. "डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, ताई. तुम्ही कुठल्या हॉटेलात उतरलाय?"

"उतरले नाही, राहायला यायचा विचार आहे. मधल्या दिवशी मुलाला काही झालं तर?"

"घाट उतरून खाली जायचं. रस्ता छान आहे. लोक फोटो काढायला थांबतात." त्याच्या मागं पंखा फिरत होता आणि त्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

खाडीपलीकडं पहिले दोन नंबर लागलेच नाहीत, सारखे गुंतलेले. तिसरा लागला आणि तिनं फोन कानापासून लांब धरला. तिकडं मुलं रडत होती. एक नाही, दोन नाही, एकातून दुसरं पेटत जावं तशी. त्या कल्लोळातून एका बाईचा आवाज आला. "बोला लवकर."

"आत्ता मुलाला दाखवायचं असेल तर नंबर मिळेल का?"

"आत्ता? आत तीन डॉक्टर बसलेत आणि बाहेर जिन्यापर्यंत रांग आहे. अहो बाळाचे बाबा, जिन्यात उभे राहू नका, वर सरका. हो, बोला. ताप आहे का?"

"नाही. पण समजा, आकडी आली तर?"

"मग नंबर कशाला लावताय? उचलायचं आणि आणायचं. रांग बाजूला होते. रात्री आलात तर मागचं दार वाजवा, कुणीतरी असतंच." आणि फोन ठेवून दिला.

सुनेनं उरलेलेही नंबर लावले. सगळीकडं तेच, कुठं दोन डॉक्टर, कुठं चार, पण रडण्याला खंड नाही. किल्ल्याच्या शहरात पुन्हा शोधलं, दुसरा बालदवाखाना नव्हताच. तिनं भिंगरीच्या टाळूवर हनुवटी टेकवली. कितीतरी दिवसांत तिचे खांदे असे खाली आले नव्हते.

रविवारी दुपारी पहिला घास झाल्यावर तीच म्हणाली, "कालच्या प्रश्नाचं उत्तर. माणसं खाडीपलीकडं जास्त."

"आकडा?" सासरे म्हणाले.

"आकडा नाही. मी पोरांचं रडणं ऐकलं." तिनं सगळं सांगितलं, पंख्यासकट.

"हे काही शास्त्र झालं नाही," सासरे म्हणाले.

"शास्त्रच आहे, बाबा. नमुना लहान आहे, एवढंच. पण पोरं रडतात तिथं आई असते, बाप असतो, घरी आजी-आजोबा असतात. फिरायला आलेले मोजायचे नसतात. ते उद्या घरी जातात."

नवऱ्यानं भाजी नुसतीच चिवडली. "हॉटेलं आहेत रे," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. "आमच्या सगळ्या लिफ्ट हॉटेलांत आहेत. खाडीपलीकडं तीन-तीन मजल्यांच्या चाळवजा इमारती. लोक जिन्यानंच जातात." मग त्यानं बायकोकडं पाहिलं. "पण घर दोन खोल्यांचं मिळेल. अंगण विसर. आणि ती गर्दी. मला गर्दीची धास्ती आहे गं."

"मला रिकाम्या घाटाची आहे," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "गर्दीत तू चिडशील. चिडलास तर मी समजूत काढीन. घाटात मी कुणाची समजूत काढू?"

भिंगरीनं चमचा खाली टाकला, आईनं उचलला, भिंगरीनं पुन्हा टाकला.

"कामही तिथं जास्त निघेल म्हणा," नवरा म्हणाला. "म्हातारी होतील की माणसं. किती दिवस जिने चढतील?"

"हा आत्ता बोललास लिफ्टवाल्यासारखा," सासूबाई म्हणाल्या.

सासरे उठले आणि त्यांनी ताटं गोळा करायला घेतली. सून हात पुढं करायला गेली तर त्यांनी कोपरानंच तिला अडवलं. "नियम म्हणजे नियम. मी काढलेल्या नकाशानं मलाच हरवलंय, आता ताटं तरी नीट उचलू दे." एक वाटी त्यांच्या हातून निसटली. "सवय नाही ना त्यांना," सासूबाई सुनेला म्हणाल्या, अगदी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

सोमवारी सकाळी नवऱ्यानं साहेबांना फोन लावला. तो खोलीभर येरझाऱ्या घालत होता आणि सून भिंगरीला मोजे चढवत होती. एक चढला की दुसरा निघत होता. खाडीपलीकडच्या शहराचं नाव त्यानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं.

"साहेबांनी नावच ऐकलेलं नाही," फोनवर हात ठेवून तो कुजबुजला. "म्हणतात, किल्ला सोडून कुठल्या खेड्यात चाललास? भिंतीवरच्या नकाशात शोधतायत. मिळत नाही म्हणतात."

सुनेनं दुसरा मोजाही चढवला आणि यावेळी तो हातानं धरूनच ठेवला.

"त्यांना म्हणावं, जमिनीवर शोधू नका," ती म्हणाली. "पाण्यात बघा."