एकाही सिनेमात न दिसलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. नुसती जुनी नाही, काळीही आहे, आणि तो काळा रंगही असा की त्यात तुम्हाला तुमचं तोंड दिसणार नाही. शाळेतल्या फळ्याला देतात ना, तसला कोरडा, मंद रंग. दारांच्या मुठी काळ्या, दिव्यांवर काळी पट्टी, नंबराची पाटीसुद्धा झाकलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिला कुणी काजळाच्या डबीत बुडवून काढली की काय!

मी सिनेमातली गाडी आहे. लगेच आठवायला लागू नका, मी तुम्हाला आठवणार नाही. तुम्हाला आठवते ती लाल गाडी. ती भर बाजारातून सुसाट सुटते, मागे चार गाड्या हात धुऊन लागतात, पेट्या उडतात, टायर किंचाळतात आणि तुम्ही खुर्चीचे हात घट्ट धरून बसता. घरी आल्यावर त्या पाठलागावर तासभर बोलता. सगळ्यात भारी पाठलाग कोणत्या सिनेमातला यावर मित्राशी भांडता. पण ती लाल गाडी पळताना तुम्हाला इतक्या जवळून दिसली कशी, हे कधी मनात आलं का? कुणीतरी तिच्या पुढे, मागे, शेजारी तेवढ्याच वेगाने कॅमेरा घेऊन पळत होतं. ती मी. सतरा पाठलागांत मी धावले आणि एकाही सिनेमात दिसले नाही. दिसले असते तर ती चूक ठरली असती. न दिसणं हेच माझं काम होतं.

मी जन्मले तेव्हा अशी नव्हते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग चंदेरी होता. एका दातांच्या डॉक्टरांनी मला घेतलं. त्यांची तीन मुलं मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा सांडायची आणि काचेवर बोटांनी चित्रं काढायची. सहा वर्षं मी त्या घरची होते. मग त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी सिनेमावाल्यांच्या शेडमध्ये येऊन पडले. तिथल्या मिस्त्रीने माझ्या मागच्या सीटा काढल्या, लोखंडी पाइप जोडले, टपावर कॅमेऱ्याचा लांब हात बसवला आणि माझ्या चंदेरी अंगावर तो काळा रंग फिरवला. मिस्त्रीला गाड्यांशी बोलायची सवय होती. ब्रश मारता मारता तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, बाई. चमकायला दुसऱ्या आहेत. तू चमकलीस तर त्यांच्या रंगात दिसशील. तू फक्त पळायचं."

वाईट वाटलंच. खोटं कशाला सांगू?

मला चालवायला दादा आला. त्याला सगळे दादाच म्हणत, कारण त्याची धाकटी बहीण त्याच शेडमध्ये होती आणि ती दिवसभर "दादा, दादा" करत असे. तिला सगळे भिंगरी म्हणत. ती गाडी जागच्या जागी अशी गर्रकन फिरवायची की बघणाऱ्याला घेरी यावी. सिनेमातली ती लाल गाडी हिरो चालवतो असं तुम्हाला वाटतं ना? हिरो बिचारा तेव्हा सावलीत बसून लिंबूपाणी पीत असायचा. त्याचं जाकीट घालून, खोट्या मिशा चिकटवून आत बसलेली असायची भिंगरी. आई-बाप लवकर गेल्यावर दादानेच तिला लहानाचं मोठं केलं होतं आणि स्टिअरिंग धरायलाही त्यानेच शिकवलं होतं.

त्या दोघांची काम करायची रीत मोठी गमतीची होती. आधी शेडच्या फरशीवर खडूने रस्ता काढायचा आणि त्यावर खेळण्यातल्या गाड्या फिरवायच्या. मग खऱ्या रस्त्यावर पायी तालीम. दोघं मोठी माणसं हवेत स्टिअरिंग धरून, तोंडाने घुर्र घुर्र करत चालायची. डावं-उजवं म्हणायचं नाही, कारण कॅमेरावाला उलटा बसलेला असला की त्याचं डावं ते यांचं उजवं. म्हणून "भिंतीकडे", "झाडाकडे" असं बोलायचं. आजूबाजूचे दुकानदार पोट धरून हसत. पण गाडीत बसल्यावर दोघांच्या गाड्यांमध्ये एक हाताचं अंतर असे आणि सतरा पाठलागांत माझ्या अंगावर तिच्या गाडीचा एक ओरखडा उमटला नाही.

आणखी एक काम होतं, ते दादा जिवापाड जपायचा. काचांचं. रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांत मी दिसले तर सगळा शॉट वाया. लाल गाडीच्या बाजूला ही कुठली काळी भुताटकी, म्हणून प्रेक्षक हसणार. म्हणून शूटिंगच्या आधी भिंगरी मला हळूहळू त्या रस्त्यावरून चालवायची. दादा टपावर, बरोबर कॅमेऱ्याच्या जागी बसायचा आणि ओरडायचा, "ही काच! ती वरची! थांब, त्या न्हाव्याची पण!" मिस्त्री बादलीत साबणाचा फेस घेऊन मागून धावायचा आणि ती काच पांढरी करून टाकायचा.

"काचा पुसणारे पुष्कळ पाहिले," एक दुकानदार म्हणाला होता, "मळवणारे तुम्हीच पहिले."

दादा अभिमानाने सांगायचा, "वीस वर्षं झाली या धंद्यात. एकाही सिनेमात मला कुणी शोधून दाखवावं."

शेवटच्या पाठलागाच्या वेळी दादाला खोकला झाला होता. साधा नव्हे. जिना चढला की तो कठडा धरून उभा राहायचा आणि कुणी बघतंय असं दिसलं की चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करायचा. भिंगरीच्या नजरेतून ते सुटलं नाही. शूटिंगच्या आदल्या दिवशी दोघांची माझ्याच दाराशी जुंपली.

"आधी दवाखाना, मग शूटिंग," ती म्हणाली.

"एवढा एक पाठलाग होऊ दे. मग कुठे नेशील तिथे येतो."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालास."

"अगं, चाळीस माणसं खोळंबलीत. मी नाही गेलो तर कुणाला बसवणार आहेस हिच्यात?"

"मला नाही माहीत. जीव गेल्यावर येणार आहेस का दवाखान्यात? तू तुझा हट्ट सोडू नकोस, मीही सोडत नाही. उद्या मी काचा बघायला येणार नाही. बघतेच कसा करतोस शूटिंग!"

"नको येऊस. माझे डोळे अजून शाबूत आहेत."

तिला वाटलं होतं, काचा तपासल्याशिवाय दादा गाडी काढणारच नाही आणि एक दिवस तरी पुढे ढकलला जाईल. तोही हट्टाला पेटलेला. सकाळी बादली घेऊन तो एकटाच रस्त्याने चालत निघाला. टपावर चढवेना म्हणून त्याने सगळ्या काचा खालूनच बघितल्या आणि स्वतःच्या हाताने साबण लावला. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मोठी काच रस्त्याकडे किंचित झुकलेली होती. खाली उभ्या माणसाला तिच्यात समोरच्या घराचं छप्पर दिसे. माझ्या टपावरच्या कॅमेऱ्याला मात्र तिच्यात मी दिसणार होते. ती काच तशीच स्वच्छ राहिली. रस्त्याच्या टोकाला उभी असताना मला ते कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

शूटिंग झालं. काय धावलो आम्ही त्या दिवशी! शेवटच्या वळणावर लाल गाडी आणि मी अगदी खेटून, दार दाराला लागेल अशा. दोघं भाऊ-बहीण सकाळपासून एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. भिंगरीचं लक्ष समोर, ओठ घट्ट मिटलेले. आणि तेव्हा, वीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट दादाने केली. त्याने क्षणभर मान वळवून तिच्याकडे बघितलं, हसला आणि काहीतरी बोलला. माझ्या काचा बंद होत्या आणि कॅमेरावाला बाहेर टपावर होता. ते मी सोडून कुणीही ऐकलं नाही.

शॉट संपला, टाळ्या पडल्या. भिंगरी गाडीतून उतरली ती तोंड फिरवून सरळ निघून गेली. संध्याकाळी दादाला धाप लागली. मिस्त्रीने त्याला दवाखान्यात नेलं आणि तिला फोन केला. ती पोचली तेव्हा दादाच्या तोंडात नळी होती. बोलणं झालंच नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मला शेडच्या कोपऱ्यात लावून ठेवलं. दुसऱ्या कुणाला माझ्यात बसवायला मिस्त्रीला धीर होत नव्हता. चाकांतली हवा हळूहळू उतरली. टपावर कुणीतरी रंगाचे डबे ठेवले. भिंगरी शेडमध्ये येई, पण माझ्या बाजूला फिरकत नसे. मी तिला दोष देत नाही. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. मी मात्र तिची फार वाट बघत असे.

दोन महिन्यांनी डायरेक्टर आणि एडिटरबाई शेडमध्ये आले. सिनेमा जोडून होत आला होता आणि एका गोष्टीचा निकाल लावायचा होता. लॅपटॉप ठेवायला सपाट जागा हवी म्हणून त्यांनी तो माझ्या बॉनेटवर ठेवला. भिंगरीला बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याजवळ आली.

"एक काच राहिली होती," एडिटरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आधी आमच्याही लक्षात आलं नाही. मोठ्या पडद्यावर दिसतं."

त्यांनी चित्र अगदी हळू चालवलं. वरच्या काचेत मी होते, काळी, बेढब. खिडकीत दादा होता. भिंगरीकडे मान वळवून हसत होता.

भिंगरी पुढे वाकली. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हा... हा चिडलेला नाहीये."

"नाही हो," मिस्त्री मागून म्हणाला. "तो कधी चिडला होता तुमच्यावर?"

"काय म्हणतोय तो? ओठ हलतायत बघा. काय म्हणतोय?"

कुणालाच माहीत नव्हतं. कॅमेऱ्याने आवाज घेतला नव्हता. मला माहीत होतं, मित्रांनो. तिच्या हाताखाली माझं बॉनेट होतं, आणि दादाचा आवाज अजून माझ्या काचांच्या आत होता. पण माझ्याकडे फक्त हॉर्न, आणि त्याचीही बॅटरी उतरलेली. इतकं एकटं मला त्या कोपऱ्यातल्या दोन महिन्यांतही वाटलं नव्हतं.

डायरेक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "ताई, हा सगळ्यात चांगला पाठलाग झालाय आपला. अर्ध्या सेकंदाचं तर आहे. शंभरात एखाद्याच्या लक्षात येईल. दादांची आठवण म्हणून राहू द्या. तुम्ही म्हणाल तसं."

भिंगरीने तो अर्धा सेकंद पुन्हा बघितला. पुन्हा बघितलं. क्षणाक्षणाला थांबवून बघितलं. तिला ते ठेवायचं होतं, हे तिच्या हातावरून मला कळत होतं. तिच्या घरात दादाचा गाडीत बसलेला एकही फोटो नव्हता. जो माणूस जन्मभर कॅमेरा वाहून नेत होता, त्याच्याकडे कॅमेरा कुणी वळवलाच नव्हता.

"काढून टाका," ती म्हणाली.

"अहो, पण..."

"काढा. वीस वर्षं कुणाला दिसला नाही तो. लोक काय म्हणतील, एवढा मोठा कारागीर आणि शेवटी चुकला? ती काच त्याच्यामुळे नाही राहिली. मी हिच्यात बसले असते तर राहिली नसती. माझी चूक त्याच्या नावावर लागायला नको." मग आवाज अगदी बारीक झाला. "मला तेवढा तुकडा द्या. माझ्यापुरता."

एडिटरबाईंनी तो तुकडा तिच्या फोनमध्ये टाकून दिला. सगळे गेल्यावर तिने माझं दार उघडलं, दादाच्या जागेवर बसली आणि रडली. माझ्या आत बसून इतकं मोकळं त्याआधी कुणीच रडलं नव्हतं.

सिनेमा लागला. लोक म्हणाले, असा पाठलाग झाला नाही. असं मिस्त्रीने मला सांगितलं, मी तर एकही सिनेमा बघितलेला नाही. भिंगरी आता दुसऱ्या शहरात मुलांना गाडी शिकवते. जायच्या आधी तिने माझ्या चाकांत हवा भरली आणि टपावरचे डबे उतरवले. आता शेडमध्ये मिस्त्री महिन्यातून एकदा माझं इंजिन सुरू करतो. बाकी दिवस मी आणि त्याने माझ्यावर अंथरलेली चादर.

मित्रांनो, पुढच्या वेळी पडद्यावर पाठलाग बघाल तेव्हा मला शोधू नका. सापडले तर दादाची मान खाली जाईल. पण तुमच्या घरी असं कुणीतरी असेल, जे सगळ्यांचे फोटो काढतं आणि स्वतः एकाही फोटोत नसतं. त्याच्या हातातून कॅमेरा घ्या आणि त्याला मधोमध उभं करा.

आणि आता सांगून टाकते. त्या वळणावर दादा म्हणाला होता, "शाब्बास, भिंगरे! माझ्यापेक्षा चांगली चालवतेस." तिने ते कधीच ऐकलं नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी सांगते: आपल्या माणसाचं कौतुक वाटलं, तर आधी काच खाली करा आणि मग बोला.