आडनाव बदललेली फाइल

"उघडत तर नाही, नुसती जागा अडवून बसलीये मेली!" दादा माउस आपटत पुटपुटला.

मित्रांनो, ती मेली म्हणजे मी. मी एक जुनी व्हिडिओ फाइल आहे. या घरातल्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात, 'नवीन फोल्डर' नावाच्या अडगळीत माझा मुक्काम असतो.

दादाने नवा कॅमेरा आणला आणि पहिला नेम धरला तो ओट्याशी उभ्या असलेल्या आईवर. तोच माझा जन्म. तेव्हा माझं काय कौतुक! आल्यागेल्याला मला दाखवायचे, पोट धरून हसायचे. वर्षाच्या आत आई पोटाच्या आजाराने गेली, आणि मला कोणी हात लावेना.

परवा बाबा म्हणाले, "तिचा आवाज ऐकावासा वाटतो रे." दादाने मला नव्या टीव्हीला जोडलं. टीव्हीने तोंड फिरवलं. मग या शहाण्याने काय करावं? माझ्या नावाचं शेपूट, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं आडनाव एव्हीआय, खोडलं आणि तिथे एमपीफोर लिहिलं. झालं बारसं! अहो, मी म्हणजे एक डबा. आत चित्राची पुडी वेगळी, आवाजाची वेगळी. डब्यावरची चिठ्ठी बदलली, तरी आतलं पीठ तेच राहणार ना? टीव्ही कसला ऐकतोय!

"फाइल खराब आहे, बाबा," दादा म्हणाला. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. दोघांनाही ते सोयीचंच वाटलं असावं.

आज तो मला कायमची पुसायला बसला, तेवढ्यात धाकटी बहीण आली.

"थांब रे दादा! नाव काय बघतोस? आत काय आहे ते बघ."

मित्रांनो, उघडत नाही म्हणून कोणाला खराब ठरवू नका. आधी ओळख तरी करून घ्या. तिने तसंच केलं. नाव न बघता आतलं ओळखणाऱ्या प्लेअरमध्ये मला लावलं, आणि मी उघडले.

आई ओट्याला टेकून उभी. हात पोटावर. "हसू नका रे, खरंच दुखतंय." मागे सगळ्यांचं हसणं.

आईचा आवाज ऐकून बाबा दारात येऊन उभे राहिले.

"आवाज फाटतोय जरा," दादा म्हणाला. "जुना फॉरमॅट आहे ना."

"फॉरमॅटला कशाला बोल लावतोस?" बाबा म्हणाले. "ती दुखतंय म्हणत होती आणि आपण नाटक समजून हसत होतो. सगळ्यात मोठ्याने मी."