पाण्यात उतरलेला रोग

“फुंक! पोटातून फुंक! लाज धरलीस तर रोग आतच राहील!”

दवाखान्याच्या मागच्या अंगणात, सायकलींच्या शेडखाली माणसांचं कडं पडलं होतं. मधोमध चटईवर फुंकरमहाराज, बाजूला पाण्याचा माठ आणि तांब्या. समोर एक म्हातारा नळी तोंडात धरून पेल्यातल्या पाण्यात फुंकर मारत होता. काचेसारखं नितळ पाणी बघता बघता गढुळलं आणि दुधासारखं पांढरं झालं. “अगं बाई!” कुणीतरी तोंडावर हात ठेवला.

“उतरला रोग!” महाराजांनी पेला उंच धरला. “आत एवढी यंत्रं आहेत, एकाला तरी असा डोळ्यांना दाखवता आलाय का? मघाशी मी फुंकलं तेव्हा पाणी कसं होतं?”

“नितळ!” सगळे एका सुरात ओरडले.

“कारण माझ्या देहात रोगाला थारा नाही. आता याचं बघा.” त्यांनी बाटलीतून ‘अमृता’ची धार सोडली. बारीक बुडबुडे उठले आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. “गेला! आता थेट घरी जायचं. रिपोर्टच्या खिडकीकडे फिरकायचं नाही. रिपोर्टवर रोगाचं नाव लिहिलेलं असतं. नावाने हाक मारलीत तर तो ओ देणारच!”

म्हातारा डोळे पुसत उठला आणि खिडकीकडे न बघता फाटकाबाहेर गेला.

कड्याच्या कडेला एक शिंपीण उभी होती. तिच्या छातीत गाठ लागली होती. गाठीचा तुकडा तपासायला दिला होता आणि तेव्हापासून ती खिडकीवर हेलपाटे घालत होती. “नाही आला. परवा या,” एवढंच उत्तर मिळायचं. सुरुवातीला ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. पुढे रडूही येईना. काळजाला कुणी भूल द्यावी आणि ती उतरूच नये, तसं झालं होतं. नवरा काही बोलला की ती “हं” म्हणायची. गिऱ्हाइकांचे कपडे बिनचूक शिवून द्यायची, आणि ते कुणाचे होते तेही तिला आठवायचं नाही.

सोबत तिची थोरली नणंद होती. वन्संचा जीव टांगणीला लागला होता. “अगं, तो टेम्पोवाला बघ, महाराजांना नारळ द्यायला आलाय. त्याच्या बायकोला महाराजांनी मोकळं केलं. रिपोर्ट घेतलाच नाही त्याने. हो की नाही हो?”

“हो,” टेम्पोवाला म्हणाला. “बरी आहे आता. जरा खोकला वाढलाय, एवढंच.”

“ऐकलंस? बस खाली.”

शिंपीण बसली. ढकलाल तिकडे जाईल, अशीच तिची गत होती. तिने नळीतून फुंकलं. पाणी पांढरं झालं. वन्संच्या तोंडून हुंदका फुटला. तिला मात्र काहीच वाटलं नाही. महाराजांनी अमृत ओतलं, पाणी निवळलं, तरीही काही वाटलं नाही. फक्त नाकाला आंबूस वास आला.

तेवढ्यात खिडकीतून शिपाई ओरडला, “रिपोर्ट आलेत! रांग लावा!”

“चल घरी,” वन्संनी तिचा दंड धरला. “मागे बघू नकोस.”

दोघी वळल्या, तोच बाकावरच्या एका बाईंनी शिंपिणीचा पदर ओढला. गळ्याभोवती मफलर गुंडाळलेल्या या मास्तरीणबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घशाची तपासणी करून त्याही रिपोर्टचीच वाट बघत होत्या. आवाज पार बसला होता. त्या कुजबुजल्या, “जायच्या आधी तुमच्या नणंदेला फुंकायला सांगा. त्यांना काही आजार आहे का?”

“नाही.”

“मग बघाच. पाणी त्याच माठातलं घ्या. महाराज स्वतःसाठी तांब्यातलं घेतात, आजाऱ्यांना माठातलं देतात. मी सकाळपासून बघतेय.”

सांगितलं म्हणून शिंपिणीने केलं. मागे फिरून तिने माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि नळी पुढे केली. “वन्सं, तुम्ही फुंका.”

“मी? मला काय धाड भरलीय!”

“म्हणूनच फुंका.”

महाराज गडबडीने उठले. “निरोग्याने फुंकलं तर दोष लागतो!” पण वन्सं हट्टी. आपण धडधाकट आहोत हे दाखवायला त्यांनी गाल फुगवून फुंकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

वन्संचा चेहराही तसाच झाला.

“बघा!” महाराज सावरले. “छुपा रोग! देव पावला म्हणून कळलं!”

“मी फुंकतो,” दारावरचा पहिलवान रखवालदार पुढे आला. त्याचंही पांढरं. कडेवरच्या पोराला दटावत एका तरण्याताठ्या बाईने फुंकलं. पांढरंच. कड्यात कुजबूज सुरू झाली.

शिंपिणीने पेला विसळून पुन्हा माठातून भरला आणि महाराजांपुढे धरला. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती नव्हती, काहीच नव्हतं. “आता तुम्ही.”

“आम्ही मघाशी—”

“ते तांब्यातलं होतं.”

“फुंका की महाराज!” रखवालदार म्हणाला. महाराजांनी नळी ओठांत धरून नुसतेच गाल फुगवले.

“बुडबुडे येऊ द्या,” शिंपीण म्हणाली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. श्वास कोंडल्याने महाराजांची एक फुंकर सुटलीच. मग दुसरी. पाणी ढवळलं, पांढरं झालं.

“अरे, महाराजांनाच लागण झाली!” रखवालदार ओरडला.

मास्तरीणबाई कुजबुजत सांगू लागल्या आणि शिंपीण त्यांचं एकेक वाक्य मोठ्याने म्हणू लागली. “माठात चुन्याची निवळी आहे. पाण्यात चुना कालवून, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी काढून घेतात. आपण बाहेर सोडतो त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. आजाऱ्याच्याही आणि निरोग्याच्याही. तो निवळीत मिसळला की पांढरा साका तयार होतो. हे अमृत म्हणजे व्हिनेगर, वास घेऊन बघा. आंबट पडलं की साका विरघळतो. शाळेतली पोरं हा प्रयोग करतात. यात रोग दिसत नाही आणि जातही नाही.”

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. किती तरी दिवसांनी तिने एवढी वाक्यं सलग उच्चारली होती.

महाराज चटई गुंडाळू लागले. रखवालदाराने माठावर हात ठेवला. “हे इथेच राहू द्या. साहेबांना दाखवू.”

टेम्पोवाला मात्र महाराजांकडे बघतही नव्हता. तो सरळ खिडकीकडे गेला. “माझ्या बायकोचा जुना रिपोर्ट आहे. द्या,” एवढंच म्हणाला. रिपोर्ट मिळाल्यावर न उघडताच तो डॉक्टरांच्या खोलीकडे धावत सुटला. मागोमाग आणखी काही जण मान खाली घालून रांगेत लागले. फाटकाबाहेर गेलेल्या म्हाताऱ्याला गाठायला रखवालदाराने माणूस पाठवला.

शिंपिणीचा रिपोर्ट तरुण डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचला. “गाठ कॅन्सरची आहे. पण लहान आहे, पसरलेली दिसत नाही. वेळेवर आलात. आधी ऑपरेशन करू, मग पुढची औषधं.”

वन्सं खुर्चीत कोसळल्या. “मी तुला घरी नेत होते गं. माझ्या हाताने नेत होते!”

शिंपिणीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं होतं, हे ऐकून जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. तिने विचारलं, “मशीन चालवता येईल ना मला?”

“काही दिवस नाही. मग येईल.”

बाहेर मास्तरीणबाई अजून बाकावरच होत्या. त्यांना ‘परवा या’ सांगितलं होतं. शिंपीण त्यांच्या शेजारी टेकली. काय निघालं ते सांगताना तिला रडू फुटलं, आणि तिने ते आवरलं नाही. मास्तरीणबाईंनी तिचे हात आपल्या हातांत घेतले.

समोर एक नवखी मुलगी भांबावून विचारत होती, “ते पाण्यात रोग दाखवणारे महाराज कुठे बसतात?”

“ते गेले,” शिंपीण म्हणाली. “रिपोर्ट घ्यायची भीती वाटतेय ना? मलाही वाटत होती, घेतल्यावरही वाटतेय. पण न बघितल्याने आजार थांबत नाही, फक्त उपचार थांबतो. बघू नकोस म्हणणाऱ्याला आधी ‘का’ म्हणून विचारायचं. आणि घाबरत का होईना, त्या रांगेत उभं राहायचं. चल, मी येते तुझ्याबरोबर.”